पहिल्या ५१२ बाइटांची कथा

बंद असलेल्या संगणकाला काहीच ठाऊक नसते. आज्ञावली वाचावयाची तर ती कशी वाचावी हे सांगणारी दुसरी आज्ञावली हवी. मग पहिली कोणी वाचावी? हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. १९४९ साली केंब्रिज विद्यापीठात एडसॅक यंत्र सुरू झाले, तेव्हा डेव्हिड व्हीलर यांनी अवघ्या ३१ आज्ञांत त्याचे उत्तर दिले. या आज्ञा दूरध्वनी केंद्रातील फिरत्या स्विचांवर कायमच्या जोडलेल्या असत. कळ दाबताच त्या स्मृतीत उतरत आणि कागदी फितीवरील मोठी आज्ञावली आत घेत. आपल्याच बुटाचा बंद धरून स्वतःला वर उचलावे, तसाच हा प्रकार. ‘बूट’ हा शब्द त्यावरूनच रूढ झाला.

पुढे मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला. त्यात १० मेगाबाइटची स्थिर चकती होती. एकाच चकतीवर निरनिराळ्या कार्यप्रणालींना जागा मिळावी म्हणून तिच्या वाटण्या करण्याची सोय झाली. याच वाटण्यांना पार्टिशन म्हणतात. त्यांचे वाटणीपत्र चकतीच्या पहिल्याच खंडात ठेवले गेले. खंड ५१२ बाइटांचा. त्यात ४४६ बाइट आरंभीच्या आज्ञांना, ६४ बाइट चार वाटण्यांच्या नोंदींना आणि २ बाइट खुणेला. वाड्याच्या देवडीवर एकच पहारेकरी असावा आणि घराचे एकुलते एक वाटणीपत्रही त्याच्याच हाती असावे, अशी ही व्यवस्था होती.

तीत दोन उणिवा राहिल्या. नोंद एकच असल्याने ती पुसली गेली, तर आतील हिशेब आणि दप्तर जागच्या जागी शाबूत असूनही सर्व्हरला त्यांची वाट सापडत नसे. दुसरे असे की, खंड मोजण्यास ३२ द्विमान अंकच दिल्याने सुमारे २ टेराबाइटपलीकडील जागा नोंदीत बसेना. मूळ चकतीच्या दोन लाख पटींहून मोठी ही मर्यादा १९८३ साली अमर्याद वाटली असल्यास नवल नाही. परंतु २०१० मध्ये ३ टेराबाइटच्या चकत्या बाजारात आल्या.

सुदैवाने पर्याय तयार होता. इंटेलने इटेनियम सर्व्हरांसाठी आखलेल्या नव्या आरंभपद्धतीत वाटणीपत्राचेही नवे रूप होते. २००५ मध्ये तिची सूत्रे अनेक कंपन्यांच्या संयुक्त मंडळाकडे गेली. जीपीटी नावाच्या या वाटणीपत्रात सामान्यतः १२८ नोंदी मावतात, खंड ६४ अंकांनी मोजले जातात, नोंद बिघडली आहे काय हे ताडून पाहता येते आणि तिची दुसरी प्रत चकतीच्या शेवटी ठेवलेली असते. तथापि जुना पहिला खंड अद्याप जागेवरच आहे. जुन्या आज्ञावलीने चकती रिकामी समजून तिच्यावर लिहू नये म्हणून ‘ही जागा भरलेली आहे’ एवढेच तो सांगतो.

कोठार कितीही मोठे असो, त्याची किल्ली एकाच खुंटीवर टांगू नये, हा शहाणपणा घराघरांत जुनाच आहे. यंत्राच्या पहिल्या पानावर तो उतरण्यास मात्र अनेक वर्षे जावी लागली.