घरपट्टीतला शिक्षण कर

घरपट्टीचं बिल कोणी वाचत नाही. रक्कम बघतात, एखादी शिवी हासडतात आणि भरून मोकळे होतात. पण अकोल्याचं किंवा अमरावतीचं बिल या विकांताला जरा निवांत वाचून बघा. सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशमन कर अशा रकान्यांत मध्येच एक 'शिक्षण कर' बसलेला दिसेल. दुकान असेल तर सोबत 'रोजगार हमी कर'सुद्धा. बघणाऱ्याला वाटतं, चला, आपल्या घरपट्टीतून निदान गल्लीतली महापालिकेची शाळा तरी चालते!

तसं नसतं. हा कर १९६२ च्या कायद्याने आला, त्याचं आजचं नाव महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम. राज्याचा कर, राज्याची तिजोरी, महापालिका फक्त वसुलीची कारकुनी करते. आणि त्याच महापालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराचा अर्धा वाटा राज्य देतं, उरलेला अर्धा महापालिकेने आपल्या खिशातून काढायचा असतो. म्हणजे शिक्षणाच्या नावाने गोळा केलेला पैसा मुंबईला जातो, तिथून पगाराचं अनुदान म्हणून निम्मं काहीतरी परत येतं, आणि बाकीच्यासाठी पुन्हा घरपट्टीकडेच बघावं लागतं. हे डिझाइन कोणी एका बैठकीत बसून केलेलं नाही. पॅचवर पॅच मारत ते असं झालंय.

आपल्यातले जे अमेरिकेत आहेत त्यांना हे सगळं विचित्र वाटेल, कारण तिकडे शाळा आणि घरपट्टी यांचं नातं थेट असतं. ज्या गावात घरं महाग, तिथली शाळा श्रीमंत. कॅलिफोर्नियात ६ जून १९७८ ला लोकांनी मतदान करून घरपट्टीला लगाम घातला. तेच ते प्रसिद्ध प्रपोझिशन १३. घराची किंमत १९७५ च्या पातळीवर नेऊन ठेवायची, कर त्या किमतीच्या १ टक्क्यापर्यंतच, आणि घर विकलं जात नाही तोवर किमतीत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ धरायची नाही. परिणाम असा झाला की एकाच रस्त्यावर एकसारख्या दोन घरांत जुना मालक चिल्लर भरतो आणि नुकतं घर घेतलेलं जोडपं (बऱ्याचदा आपल्यापैकीच कोणीतरी) त्याच्या कितीतरी पट भरतं. शाळांचा भार राज्यावर सरकला तो वेगळाच.

नंतर येईल तो भरेल. ही युक्ती फक्त कॅलिफोर्नियाची नाही. आमच्या वऱ्हाडात गेल्या पन्नास वर्षांत पगार, पेन्शन, शाळा आणि घरपट्टी या चारही गोष्टींत तीच वापरली गेली.

प्रपोझिशन १३ च्या सहा महिने आधी, १४ डिसेंबर १९७७ ला, महाराष्ट्रातले सरकारी आणि जिल्हा परिषद कर्मचारी, शिक्षक बेमुदत संपावर गेले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, कर्मचाऱ्यांचे नेते र. ग. कर्णिक. मुख्य मागणी केंद्राइतक्या महागाई भत्त्याची. संप ५४ दिवस चालला. हाती फार काही न लागता तो फेब्रुवारी १९७८ मध्ये संपला, पण जुलैमध्ये वसंतदादांचं सरकार गेलं, शरद पवार आले आणि त्यांनी केंद्राच्या दराने भत्ता मान्य केला. राज्याच्या खर्चाच्या पुढच्या इतिहासात हा फार मोठा टप्पा आहे. केंद्राने भत्ता वाढवला की राज्यात मागणी उभी, केंद्राचा वेतन आयोग आला की राज्याचाही येणार, ही सवय इथून पक्की झाली.

माझे मोठे मामा त्या वेळी जिल्हा परिषदेच्या शाळेत नवे मास्तर होते. आजही पेन्शनचा विषय काढला की त्यांचा आवाज चढतो. "पेन्शन काय कोनं फुकट देल्ली काय आमाले? चोपन दिवस बिनपगारी काढले. तुयी मामी घरातलं किडूकमिडूक मोडून चूल पेटवत होती." हे खोटं नाही. खाजगी शाळांतल्या शिक्षकांची अवस्था तर त्याहून वाईट असायची. पगारपत्रकावर सही एका आकड्याची आणि हातात दुसराच आकडा, हा प्रकार जुन्या कुठल्याही मास्तरला विचारा. वऱ्हाडात शिक्षण पसरलं ते मुख्यतः संस्थांनी पसरवलं. पंजाबराव देशमुखांची अमरावतीची श्री शिवाजी शिक्षण संस्था १९३२ ची. अशा संस्थांतल्या शिक्षकाला सरकारकडून पूर्ण पगार, सेवेची हमी (१९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा) आणि पेन्शन मिळालं, ते संघटना होत्या म्हणून. महाविद्यालयांच्या बाजूला 'नुटा'चे बी. टी. देशमुख होते. अमरावती पदवीधर मतदारसंघातून ते तब्बल ३० वर्षं विधान परिषदेवर होते. सरकारी आकड्यांतली एखादी चूक पकडून मंत्र्याला घाम फोडायचा ही त्यांची खासियत. संघटनांनी काम वाकडं केलं असं म्हणणाऱ्यांनी आधी संघटना नसतानाचे पगार बघावेत, असं माझं मत आहे.

पण हिशेब कुठेतरी करावाच लागतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पाचव्या वेतन आयोगाने राज्याची तिजोरी खरवडली गेली, तेव्हा तो केला गेला. कसा, ते बघण्यासारखं आहे.

२००० साली 'शिक्षण सेवक' योजना आली. नव्याने लागणाऱ्या शिक्षकाने पहिली तीन वर्षं मानधनावर काम करायचं. प्राथमिकला महिना ३,०००, माध्यमिकला ४,०००, कनिष्ठ महाविद्यालयात ५,००० रुपये. त्याच वर्गात, तोच धडा, शेजारच्या खोलीतल्या कायम शिक्षकाच्या पगाराच्या पासंगाला न पुरणाऱ्या पैशांत. २००१ मध्ये 'कायम विनाअनुदानित' धोरण आलं. यापुढे नव्या शाळांना परवानगी देऊ, पण अनुदान मागायचं नाही, कधीच नाही. 'कायम' हा शब्द इतक्या निर्दयपणे क्वचितच वापरला गेला असेल. आणि मग विलासराव देशमुखांच्या सरकारचा ३१ ऑक्टोबर २००५ चा निर्णय: १ नोव्हेंबर २००५ पासून जो सेवेत येईल त्याला जुनी पेन्शन नाही. त्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून १० टक्के कापायचे, सरकारने तितकेच घालायचे, आणि जे साठेल ते त्याचं नशीब.

पाच वर्षांत तीन निर्णय. तिन्हींत एक साम्य आहे: ज्याचं काही कमी झालं तो निर्णयाच्या दिवशी तिथे हजरच नव्हता. तो तेव्हा डी.एड.च्या वर्गात होता, किंवा दहावीत. ज्यांच्याकडे संघटना होती, संपाची ताकद होती, त्यांच्या एका रुपयाला धक्का लागला नाही, त्यामुळे रस्त्यावर फारसं कोणी आलंही नाही. आमच्या धंद्यात याला लेगसी सपोर्ट म्हणतात. जुन्या गिऱ्हाइकाचं काहीही मोडायचं नाही, नव्या अटी फक्त नव्या गिऱ्हाइकाला. सॉफ्टवेअरमध्ये हे चालून जातं, कारण नवं गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकतं.

तारखेचे खेळ कसे होतात ते मामांच्याच घरात दिसतं. माझा मामेभाऊ २००३ मध्ये एका खाजगी माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागला. लागला तो नोव्हेंबर २००५ च्या दोन वर्षं आधी, म्हणजे जुनी पेन्शन मिळायला हवी ना? नाही. कारण त्या तारखेला त्याची शाळा १०० टक्के अनुदानावर आलेली नव्हती, टप्प्याटप्प्याने येत होती. शंभर टक्के झाली ती नंतर. अशा हजारो शिक्षकांनी कोर्टकचेऱ्या केल्या. भाऊ म्हणतो, "मी टायमावर लागलो रे, शाया लेट लागली." बाप पेन्शनवर, मुलगा शेअर बाजाराच्या भरवशावर, आणि दोघं एकाच ताटात जेवतात!

'कायम' शब्द अखेर २००९ मध्ये काढला गेला. त्यानंतरही पहिलं २० टक्के अनुदान यायला २०१६ उजाडलं. त्या मधल्या काळात बी.एड. झालेली माणसं शाळा सुटल्यावर शेतात, रसवंतीवर, मेडिकलच्या दुकानात काम करत होती. २०१२ पासून तर शिक्षक भरतीच बंद झाली. शिक्षणाच्या बजेटमधला सगळ्यात मोठा हिस्सा पगाराचा असतो, आणि आधीच्यांचा पगार-पेन्शन कमी करता येत नाही, मग उरतं काय? नवी माणसं न घेणं, आणि इमारत, प्रयोगशाळा, बाकं यांवरचा खर्च पुढे ढकलणं. बाकं संप करत नाहीत.

आता घरपट्टीकडे परत येऊ, कारण तिथेही हेच झालं. अमरावती महापालिका १९८३ ची, अकोला महापालिका १ ऑक्टोबर २००१ ची. महापालिकांचं खरं दूध म्हणजे जकात. ट्रक नाक्यावर थांबला की पैसे. नागरिकाला बिल जात नाही, त्यामुळे नगरसेवकाला शिव्या बसत नाहीत. जकात असेपर्यंत घरपट्टी वाढवायचा वाईटपणा कोणी घ्यावा? मग जकात गेली, एलबीटी आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना एलबीटी माफ झाला, आणि २०१७ पासून जीएसटीच्या बदल्यात राज्य देईल ती भरपाई. स्वतःच्या हातात उरली ती घरपट्टी आणि पाणीपट्टी. तिकडे पगार वेतन आयोगाप्रमाणे चढत होते. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवा असा सरकारचा दंडक, पण तो पाळणं कोणाला जमतं! अकोल्यात थकलेल्या पगारासाठी महापालिका कर्मचाऱ्यांचे आणि शिक्षकांचे संप एकापेक्षा जास्त वेळा झाले.

आणि घरपट्टीचे दर? अकोल्यात महापालिका झाल्यापासून सुमारे १६ वर्षं ते बदललेच नव्हते. २०१७ मध्ये नव्याने मोजणी करून एकदम वाढ केली, तेव्हा शहर पेटून उठलं. मोर्चे झाले, बिलांची होळी झाली. काँग्रेसचे नगरसेवक डॉ. झिशान हुसेन हायकोर्टात गेले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये नागपूर खंडपीठाने वाढ रद्द केली. महापालिका सुप्रीम कोर्टात गेली. २०२५ मध्ये तिथे निकाल उलटा फिरला: कराचे दर ठरवणं हे कोर्टाचं काम नाही, आणि महापालिकेला स्वतःच्या पायावर उभं राहायला उत्पन्न लागतंच. वाद होता २०१७-१८ ते २०२१-२२ या वर्षांच्या दरांचा. म्हणजे ज्या वर्षांचा हा कर, ती वर्षं संपून गेल्यावर तो बरोबर होता हे कळलं.

लोकांचा राग मला समजतो. दरवर्षी थोडी थोडी वाढली असती तर कोणी दखलही घेतली नसती. १६ वर्षांची वाढ एका वर्षीच्या मालकाने का भरायची? ज्याने २००५ मध्ये घर विकून पुण्याला मुलाकडे बस्तान हलवलं, त्याने स्वस्तातली घरपट्टी भोगली. २०१६ मध्ये फ्लॅट घेतलेल्याच्या हातात थकबाकीचा सगळा इतिहास आला.

पण एक हिशेब चुकला होता. नोव्हेंबर २००५ नंतर आलेला माणूस कायम नवखा राहत नाही. दरवर्षी जुने निवृत्त होतात, नवे भरतात, आणि एक दिवस नव्यांची संख्या निवडणूक फिरवण्याइतकी होते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की जुनी पेन्शन दिली तर सुमारे १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, त्यामुळे देणार नाही. महिन्याभराने विधान परिषदेच्या निवडणुका होत्या. प्रचारात सूर मवाळ झाला, पण उशीर झाला होता. नागपूर शिक्षक मतदारसंघात 'विमाशि'चे सुधाकर अडबाले जिंकले. आणि अमरावती पदवीधरमध्ये, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांत, दोन वेळा निवडून आलेले अकोल्याचे माजी राज्यमंत्री डॉ. रणजीत पाटील काँग्रेसच्या धीरज लिंगाडेंकडून हरले. मतमोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालली. याच रणजीत पाटलांनी २०११ मध्ये बी. टी. देशमुखांना हरवलं होतं.

लगोलग १४ मार्च २०२३ ला संप. "एकच मिशन, जुनी पेन्शन." सात दिवसांत तो मागे घेतला गेला. नेमका त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, आणि पंचनामे करायला तलाठी जागेवर नव्हते. आमच्या धाकट्या मामांचा गहू आडवा झाला होता. मोठ्या मामांनी पेन्शनचं समर्थन सुरू केलं की धाकटे मामा नुसतं म्हणायचे, "आमची तारीख कोन्ती ते सांगा ना." त्यावर घरात कोणाकडे उत्तर नव्हतं.

पुढे २०२४ च्या सुरुवातीला, ज्यांची जाहिरात नोव्हेंबर २००५ च्या आधीची होती त्यांना जुनी पेन्शन निवडायची मुभा मिळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली: २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर होती.

त्याच वर्षी पवित्र पोर्टलमधून हजारो नवे शिक्षण सेवक नेमले गेले. मानधन आता प्राथमिकला १६,००० रुपये, तेही तीन वर्षं. त्यातला पंचवीस वर्षांचा एखादा, अकोट किंवा अचलपूरकडचा, साधारण २०५७ मध्ये निवृत्त होईल. त्याची पेन्शन ज्यांच्या करातून जाईल, ती मुलं आता त्याच्याकडे पहिलीत बाराखडी गिरवतायत.