कस्टमरी
‘रूढीने चालत आलेले’ या अर्थाचे इंग्रजी विशेषण. सवयीसाठी असलेल्या ‘कॉन्सुएट्यूडो’ या लॅटिन शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे आलेले. पोशाखवाचक ‘कॉस्च्यूम’ हे त्याचेच भावंड. याचे दोन अर्थ वेगळे ठेवावेत. समाजाचा रिवाज सांगताना ते ‘प्रथेप्रमाणे’ होते : अमेरिकेत उपाहारगृहात वाढप्याला टिप ठेवणे कस्टमरी, म्हणजे कायद्याची सक्ती नाही, पण न ठेवलेली लोकांना खटकते. एकाच माणसाविषयी वापरले, की अर्थ नुसता ‘नेहमीचा’ : कस्टमरी शांतपणा म्हणजे त्याच्या अंगवळणी पडलेला शांतपणा. तिथे ‘पारंपरिक शांतपणा’ लिहिणे ही भाषांतरातली ढोबळ चूक होय.

कायद्यात या शब्दाला खरे वजन येते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ७ नुसार वधू किंवा वर, कोणत्याही एका पक्षाच्या रूढिगत विधींनी लग्न लावता येते. त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल पडताच ते पूर्ण व बंधनकारक होते. संविधानाचा अनुच्छेद ३७१क नागांच्या रूढिगत कायद्याला संरक्षण देतो. अमेरिकेतील पौंड-गॅलन मापांनाही हेच विशेषण लागते. तिथला गॅलन सुमारे ३.७८५ लिटरचा असतो.