स्वस्त तिकिटाचे कुंपण : नरडाण्याच्या कारखानदाराला विमान महाग का पडते?

१/ समजा, नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखानदाराला सोमवारी निरोप आला, की बुधवारी हैदराबादला येऊन मालाचा नमुना दाखवा. महिन्यापूर्वी ३,००० रुपयांना असलेले विमानाचे तिकीट आता ९,००० रुपयांना आहे. आसन तेच, विमान तेच, इंधनही तेवढेच. बैठक पुढे ढकलली गेली, तर भाड्यातले फारसे काही परत मिळणार नाही. आकडे मानीव आहेत, अनुभव मात्र अनेकांच्या परिचयाचा आहे. हा फरक आला कुठून? या धाग्यात त्याचा इतिहास पाहू. तो विमानापेक्षा जुना आहे.

२/ आरंभ फ्रान्समध्ये. ज्यूल द्युपुई हे रस्ते आणि पूल बांधणारे अभियंते होते. १८४९ साली पथकर आणि वाहतुकीच्या दरांविषयी लिहिताना त्यांनी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाचे कोडे उलगडले. त्या डब्यांना छप्पर नसे, बाके लाकडी असत. छप्पर बसवणे कंपनीला परवडणार नव्हते, असे मुळीच नाही. तिसरा वर्ग सुसह्य झाला, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा प्रवासीही तिकडे वळेल, ही खरी भीती होती. गरिबाला होणारा त्रास हा श्रीमंताला तेथे येण्यापासून परावृत्त करण्याचा उपाय होता.

३/ द्युपुई यांचे हे निरीक्षण नीट लक्षात ठेवावे, कारण पुढचा सारा इतिहास त्यावरच उभा आहे. एकच सेवा दोन किमतींना विकायची असेल, तर दोन प्रकारच्या ग्राहकांमध्ये काहीतरी अडसर उभा करावा लागतो. दरशास्त्रात अशा अडसराला ‘कुंपण’ असेच म्हणतात. द्युपुई यांच्या काळी हे कुंपण ऊन, पाऊस आणि लाकडी बाकांचे होते. आज ते तिकिटाखालच्या बारीक अक्षरांतल्या अटींचे आहे.

४/ आता खानदेशात येऊ. एकोणिसावे शतक सरता सरता ताप्ती व्हॅली रेल्वेचे रूळ सुरतेकडून खानदेशात आले. नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर ही गावे एका लोहमार्गावर ओवली गेली. कापसाच्या गाठी त्या मार्गाने बंदराकडे जाऊ लागल्या आणि पाठोपाठ दलाल, अडते, गिरणीमालकही. त्यांच्या तिकिटाचा हिशेब साधा होता : किती अंतर आणि कोणता वर्ग. तिकीट आज काढले की महिन्यापूर्वी, याने भाडे बदलत नसे.

५/ याच मार्गावरच्या अमळनेरात डिसेंबर १९४५ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. तिचेच नाव पुढे विप्रो झाले. कारखाना खानदेशात आणि बाजारपेठ मुंबईत, ही रचना इथल्या उद्योगाला नवी नव्हती. त्यासाठी लागणारी ये-जा रेल्वेने होई. गाडीत गर्दी होती, आरक्षणाची मारामार होती, परंतु भाड्याने माणसाची घाई कधी मोजली नाही. उद्याच निघायचे आहे, म्हणून कुणाला तिप्पट पैसे द्यावे लागत नव्हते.

६/ म्हणजे भारतीय रेल्वेत कुंपण नव्हते का? होते, पण वर्गांचे. तिसऱ्या वर्गातील हालांवर गांधीजींनी १९१७ साली पुस्तिका लिहिली. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावापुरता गेला, लाकडी बाके मात्र उरली. १९७७ साली मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भुसावळमार्गे मुंबई–हावडा धावू लागलेली गीतांजली एक्स्प्रेस वर्गविरहित होती. द्युपुई यांनी वर्णिलेले कुंपण एका मराठी मंत्र्याने दोन इंचांनी खाली आणले, असे म्हणायला हरकत नाही.

७/ नेमक्या त्याच वर्षी आकाशात नवे कुंपण उभे राहत होते. अमेरिकेत १९३८ पासून विमानभाडी सरकारी मंडळाच्या नियंत्रणाखाली होती. १९७७ च्या सप्टेंबरात फ्रेडी लेकर यांनी लंडन–न्यूयॉर्क ‘स्कायट्रेन’ सुरू केली : आगाऊ आरक्षण नाही, रांगेत या आणि स्वस्तात जा. त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने ‘सुपर सेव्हर’ भाडे आणले. ते बरेच स्वस्त होते, पण तिकीट खूप आधी काढायचे आणि परतण्यापूर्वी किमान काही दिवस तेथे मुक्काम करायचा, अशा अटी होत्या. १९७८ च्या कायद्याने भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठण्याचा मार्ग मोकळा झाला आणि अशा अटींना बहर आला.

८/ त्यांतली सर्वांत गाजलेली अट म्हणजे शनिवारच्या रात्रीचा मुक्काम. सोमवारी जाऊन गुरुवारी परतणारा माणूस कामासाठी आलेला असतो. त्याला शनिवार-रविवार घरी हवे असतात. सहलीला आलेल्या कुटुंबाला शनिवारची रात्र परगावी काढण्यात आनंदच वाटतो. प्रवाशाला काही न विचारता, केवळ परतीच्या वारावरून कंपनीला तो कोण आहे हे कळत असे. उत्पन्नाचा दाखला मागण्याची गरजच उरली नाही.

९/ १९८५ च्या जानेवारीत या कुंपणाचे शस्त्र झाले. पीपल एक्स्प्रेस ही कंपनी सर्वांना सरसकट स्वस्त भाडे देत होती. अमेरिकन एअरलाइन्सने ‘अल्टिमेट सुपर सेव्हर’ काढून तिच्या भाड्याशी बरोबरी केली, पण केवळ काही आसनांवर आणि कडक अटींसह. उरलेली आसने उशिरा येणाऱ्या, पूर्ण भाडे देणाऱ्या प्रवाशांसाठी राखली. किती आसने राखायची याचा हिशेब ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण व्यवस्था असल्यामुळे शक्य झाला. असे साधन हाताशी नसलेली पीपल एक्स्प्रेस पुढच्याच वर्षी विकली गेली.

१०/ मग कामानिमित्त फिरणारे प्रवासी संतापले. तेव्हा १९९२ च्या एप्रिलमध्ये याच अमेरिकन एअरलाइन्सने भाड्यांचे जंजाळ मोडून मोजकीच चार प्रकारची भाडी ठेवली आणि अटी नसलेले भाडे कमी केले. प्रतिस्पर्ध्यांनी सवलतींचा मारा सुरू केला आणि वर्ष संपण्यापूर्वीच प्रयोग गुंडाळावा लागला. कुंपण घालणाऱ्यालाही ते एकट्याने काढता येत नाही, हा यातला धडा.

११/ भारतात १९५३ च्या कायद्याने विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत प्रवास इंडियन एअरलाइन्सकडे आला. त्या काळात व्यापाऱ्याची अडचण किमतीपेक्षा आसन मिळण्याची होती. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना दार उघडले. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन आली. तिने एक रुपयाच्या तिकिटाची कल्पना सामान्य माणसापर्यंत नेली.

१२/ स्वस्त विमान कंपन्यांनी शनिवारच्या मुक्कामाची अट मोडीत काढली, कारण त्या एकेरी तिकिटे विकत. याचा अर्थ कुंपण गेले, असा नाही. ते दिनदर्शिकेवर सरकले. लवकर काढाल तर स्वस्त, उशिरा काढाल तर महाग. जोडीला तारीख बदलण्याचे शुल्क, रद्द केल्यास जवळपास सारे भाडे बुडणे, सामानाच्या वजनाची मर्यादा. यंत्राचा सुटा भाग किंवा मालाचे नमुने घेऊन निघणाऱ्याला ही शेवटची अटही टोचते.

१३/ २०१६ साली केंद्राने ‘उडान’ योजना जाहीर केली. लहान शहरे हवाई नकाशावर आणायची आणि सुमारे एक तासाच्या उड्डाणाचे भाडे २,५०० रुपयांच्या आसपास ठेवायचे, हा तिचा हेतू. मर्यादित भाड्याचा हा नियम साधारण निम्म्या आसनांना लागू होता. उरलेली बाजारभावाने विकायची. स्वस्त निम्मी आसने आधी कोणाला मिळणार? ज्याला आपली तारीख आधी ठाऊक आहे, त्याला. सरकारी योजनेतही कुंपण नकळत शिल्लक राहिले.

१४/ २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या जळगाव विमानतळावर डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’चे पहिले विमान आले, मुंबईहून. कंपनी नव्याने उभी केलेली एअर डेक्कन, विमान १९ आसनांचे. सेवा फार टिकली नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली आणि तीही थांबली. २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने गोवा, हैदराबाद आणि पुणे जळगावशी जोडले. अलायन्स एअरचे मुंबईचे विमानही त्याच वर्षी सुरू झाले. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिचा उपयोग वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी. नरडाण्याला म्हणून जळगावच गाठावे लागते.

१५/ येथे एक बारकावा आहे. मुंबई–दिल्ली मार्गावर दिवसभर विमाने असतात. तारीख बदलण्याचे शुल्क भरले, की काम भागते. आठवड्यातून मोजकेच दिवस उड्डाण असलेल्या मार्गावर बैठक एका दिवसाने पुढे गेली, तर त्या दिवशी विमानच नसते. तेथे लवचीक तिकीटही निरुपयोगी ठरते. तिकिटाची लवचीकता शेवटी वेळापत्रकाच्या दाटीवर अवलंबून असते. लहान शहराला अटी दुप्पट जाचतात, त्या यामुळे.

१६/ आता आरंभीचा हिशेब पुढे नेऊ. तीन आठवडे आधी ३,००० रुपयांचे तिकीट काढले आणि बैठकीची तारीख बदलण्याची शक्यता तिनात एक असेल, तर सरासरी खर्च ६,००० येतो : ३,००० आत्ताचे, अधिक ९,००० चा तिसरा हिस्सा. शेवटच्या घटकेच्या ९,००० पेक्षा हे स्वस्तच. ज्या कंपनीचे शंभर जण फिरतात, तिला ही सरासरी खरोखर मिळते. ज्या कारखान्याचा मालक एकटाच फिरतो, त्याला सरासरी मिळत नाही; त्याला एकतर ३,००० लागतात, नाहीतर १२,०००. आणि काम दोन दिवसांवर येऊन ठेपलेले असेल, तर पर्यायच उरत नाही.

१७/ येथेच कुंपणाचे मूळ गृहीतक कोसळते. शनिवारच्या अटीमागे समज असा होता, की कामासाठी फिरणारा माणूस मोठ्या कंपनीचा अधिकारी आहे आणि भाडे कंपनी भरते. नरडाण्याचा कारखानदार, जळगावचा डाळमिलवाला किंवा चटईवाला स्वतःच्या खिशातून भरतो. मोठ्या कंपन्या विमान कंपन्यांशी वेगळे करार करून अटी सैल करून घेतात. लघुउद्योगांसाठी तशी भाडी काही कंपन्यांनी अलीकडे काढली आहेत. श्रीमंताला रोखण्यासाठी घातलेल्या कुंपणात बऱ्याचदा सापडतो तो लहान धंदेवाला.

१८/ दुसरी बाजूही मांडली पाहिजे. उशिरा येणाऱ्याचे महाग तिकीट नसते, तर विद्यार्थ्याचे स्वस्त तिकीटही नसते. दोन्ही मिळून विमान उडते. सारी आसने आधीच स्वस्तात विकली गेली, तर सोमवारी निरोप आलेल्या माणसासाठी बुधवारचे आसनच शिल्लक राहणार नाही. त्यामुळे ‘अटीच नकोत’ ही मागणी सोपी वाटली, तरी उत्तर तेवढे सोपे नाही.

१९/ शासनाने मधले मार्ग शोधले. २०१६ पासून रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त नसावे, असा नियम आला. २०१९ च्या प्रवासी सनदेने, उड्डाण किमान सात दिवसांवर असेल तर तिकीट काढल्यापासून २४ तासांत ते विनाशुल्क रद्द करण्याची मुभा दिली. बुधवारी निघणाऱ्याला मात्र या मुभेचा उपयोग नाही. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात भाड्यांवर किमान आणि कमाल मर्यादा होत्या. नंतर त्या उठल्या.

२०/ आणि रेल्वे? अंतर आणि वर्ग एवढेच मोजणाऱ्या रेल्वेनेही घाई मोजायला सुरुवात केली. १९९७ मध्ये तत्काळ आले. त्याच्या निश्चित तिकिटाला परतावा नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी, दुरांतो गाड्यांना भरत्या आसनांबरोबर चढणारे भाडे लागू झाले. जुने कुंपण प्रवाशाच्या ऐपतीवर होते, नवे त्याच्या अनिश्चिततेवर आहे. ज्याचे आयुष्य अधिक अनिश्चित, त्याला प्रवास अधिक महाग.

२१/ धुळे–नरडाणा लोहमार्गाचे भूमिपूजन २०१९ मध्ये झाले, आणि मनमाड–इंदूर मार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. ते रूळ पूर्ण झाले, की नरडाण्याहून निघणाऱ्याला आणखी एक वाट मिळेल. त्या वाटेवरचे भाडे केवळ अंतर मोजेल की घाईही, हे अजून ठरायचे आहे.

२२/ एक विनंती. घरात किंवा गावात जुने अडते, दलाल, कारखानदार असतील, तर त्यांना विचारा : तुम्ही मुंबईला कसे जात होता, तिकीट किती आधी काढत होता, आणि जाणे रद्द झाले तर काय होई? कुणाकडे जुनी तिकिटे जपलेली असतील, तर त्यांवरचे भाडे आणि छापील अटी दोन्ही टिपून येथे सांगा. भाड्यांचे आकडे दप्तरांत सापडतात. अटींची झळ कुणाला किती बसली, हे बहुधा माणसांच्या आठवणीतच राहते.