गाव सुटले की वंश सुटतो?

पूर्वपक्ष नेहमीचाच आहे. घराण्याचा इतिहास धुंडाळणे हा साहेबाचा छंद. लँकेशायरचा एखादा फिटर गिरणीत साचे बसवायला मुंबईला आला आणि इथेच मेला, तरी त्याच्या पणतूला त्याचा बाप, आजा, लग्नाची तारीख सारे सापडते. घोडपदेवच्या चाळीत तीन पिढ्या काढलेल्या कामगाराला मात्र आजोबांच्या पलीकडचे नाव सांगता येत नाही. गाव सुटले, मुळे तुटली. वंशावळी काय त्या देशमुख-इनामदारांच्या.

यातले आजोबांपुरते विधान खरे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

त्या फिटरच्या घरी तरी खापरपणजोबा कुणाला तोंडपाठ होते? त्याला वाचवले ते परक्यांच्या हिशेबी वृत्तीने. 1538 पासून इंग्लंडातल्या चर्चना बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या ठेवणे भाग पडले. 1837 मध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली. 1841 च्या खानेसुमारीत घरोघरची माणसे नावानिशी उतरली. मुंबईला आल्यावर इथल्या चर्चमधल्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीतला त्याचा दगड झिजला तरी बिघडत नाही. म्हणजे देशांतराने त्याचा माग पुसला नाही. उलट कागदाची भर पडली.

हाच न्याय आपल्याला का लागू नये? मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांत कोकणातली मराठी माणसेही होती. ती तर अगदीच गरीब. तरी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या दप्तरांत गिरमिटियांचे क्रमांक, नावे, वये, गावे आहेत आणि पुढच्या काळातल्या अनेकांची छायाचित्रेही. त्यांचे जे भाऊबंद गावीच राहिले, त्यांचा चेहरा कुणी टिपला?

आता घोडपदेव. गावी शेतावर राबणाऱ्याच्या कामाची नोंद कुणी केली नसती. गिरणीत शिरताच त्याला तिकीट नंबर मिळाला, मस्टरवर नाव चढले. पुढे राज्य विमा योजनेचा क्रमांक आला, 1952 च्या कायद्याने प्रॉव्हिडंट फंडाचे खाते आले. पोराला महापालिकेच्या शाळेत घातले की जनरल रजिस्टरात जन्मतारीख आणि जात. आणि गाव तरी कुठे पुरते सुटले होते? बाप वारल्यावर तलाठ्याच्या वारस नोंदवहीत मुंबईच्या भावाचेही नाव लागते. जमिनीच्या वाट्यासाठी का होईना, भावकी त्याला विसरत नाही! शिमग्यात पालखीपुढचा मान कुठल्या घराचा, यावरून भांडणाऱ्या गावात थोरली पाती आणि धाकटी पाती सगळ्यांना ठाऊक असते.

सामान्यांचा कागदच नाही, हे म्हणणे 2023 मध्ये सरकारी पातळीवरच निकालात निघाले. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी गावोगावची दप्तरे उघडली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणावे लागले, आणि लाखांनी नोंदी निघाल्या. त्या शेतकऱ्यांच्या होत्या, सरदारांच्या नव्हेत. आरक्षणाच्या वादात कुणी कुठल्याही बाजूचा असो, कागद होता एवढे मान्य करावेच लागेल.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. नावे जुळत नाहीत. मस्टरवर नुसते स्वतःचे आणि बापाचे नाव, शाळेत आडनाव, गावी तिसरेच काही. वाइंडिंग खात्यात राबलेल्या बाईचे तर माहेरचे नाव शोधणे महाकठीण. पण ही अडचण शोधाच्या पद्धतीची आहे. इंग्लंडातल्या जुन्या वह्यांतही लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणे आडनावे बदलतात, लग्नानंतर बायका नवऱ्याच्या आडनावाखाली दिसेनाशा होतात. तिथले शोधक एका नोंदीवर विसंबत नाहीत. वय, गाव, धंदा, साक्षीदार ताडून पाहतात. आपण पहिल्या विसंगतीलाच हात टेकतो.

घोडपदेवात न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाचे संकुल उभे आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा लागला. कामगार हयात नसेल तर वारसाने नाते सिद्ध करायचे. ओळखपत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, वारसांची प्रतिज्ञापत्रे असे पुरावे लोकांनी ट्रंकांतून काढून दिले. मुंबईच्या कष्टकऱ्यांच्या वंशावळीचे एवढे मोठे साधन दुसरे कुठले असेल असे मला वाटत नाही. इतिहासकारांनी त्याकडे अजून घरवाटपाची फाइल म्हणूनच पाहिले आहे. सोडती संपल्यावर ही दप्तरे रद्दीत न जाता पुराभिलेखागारात जावीत, ही मागणी आतापासूनच करायला हवी.