वीज गेली आणि बँड रस्त्यावर उतरला

१७ जानेवारी १९९५. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर हादरलं. या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. नागाता भागात, म्हणजे चपला-बुटांचे छोटे कारखाने आणि कोरियन वंशाच्या लोकांच्या जुन्या वस्तीत, दाटीवाटीची लाकडी घरं आगीत खाक झाली.

कोबेच्या शेजारीच, ओसाकाच्या टापूत, ‘सोल फ्लॉवर युनियन’ नावाचा रॉक बँड होता. ‘न्यूएस्ट मॉडेल’ आणि ‘मेस्कलिन ड्राइव्ह’ हे दोन बँड एकत्र येऊन तो १९९३ मध्ये उभा राहिला. पंकचा दणका, त्यात ओकिनावाची लोकगीतं आणि आयरिश चाली. पहिल्या अल्बमचं नावही थेट आयनू या जपानमधल्या मूळनिवासी समाजाच्या भाषेतलं. जपान म्हणजे एकच वंश, एकच संस्कृती, हे या मंडळींना मुळातच मान्य नव्हतं.

भूकंपानंतर बँडमधल्या इतामी हिदेको यांनी आपद्ग्रस्तांच्या छावण्यांत जाऊन गायचं, असं मनावर घेतलं. पण तिथे वीज कुठली? इलेक्ट्रिक गिटार निरुपयोगी. शिवाय छावणीतल्या आजी-आजोबांना रॉकशी काय देणंघेणं! मग गायक नाकागावा ताकाशी यांनी तीन तारांचं ओकिनावी सानशिन गळ्यात अडकवलं आणि तोंडाला हातातला भोंगा लावला. ओकुमा वातारु यांची क्लॅरिनेट आली. तालाला आला चिंदोन: एकाच चौकटीत बसवलेली छोटी घंटा आणि ढोल. दुकानांची जाहिरात करत गल्लोगल्ली फिरणाऱ्या वाजंत्र्यांचं हे वाद्य. असं वाजवत जाणं जपानी शहरांत पूर्वी नेहमीचं होतं. या फिरत्या अवताराला नाव मिळालं ‘सोल फ्लॉवर मोनोनोके समिट’.

गाणी कुठली निवडली, हे जास्त महत्त्वाचं. कोरियन ‘आरिरांग’, ओकिनावाची लोकगीतं आणि सोएदा आझेम्बो यांच्यासारख्या रस्त्यावरच्या गायकांची विसाव्या शतकाच्या सुरुवातीची टवाळखोर गाणी. त्यातलं ‘फुक्को बुशी’ हे तर १९२३ च्या कांतो भूकंपानंतरचं, आझेम्बोंच्या मुलाने, सोएदा सात्सुकी यांनी रचलेलं पुनर्उभारणीचं गाणं. सत्तरहून अधिक वर्षांनी ते पुन्हा भूकंपग्रस्तांसमोर वाजलं. संग्रहालयातल्या काचेमागे ठेवावीत अशी ही गाणी नव्हतीच. ती कामाची होती.

पुढे आयरिश संगीतकार डोनल लनी यांच्याबरोबर या बँडने काम केलं. २००२ मध्ये पूर्व तिमोर स्वतंत्र झाला, तेव्हा त्या सोहळ्यातही ते वाजवायला गेले. परदेशी समीक्षक त्यांना अधूनमधून ‘जपानचे पोग्ज’ म्हणतात. तुलना सोयीची आहे, पण अपुरी. पोग्जनी आपल्याच आयरिश वारशाला पंकची धार लावली. इथे ओकिनावी, कोरियन आणि आयनू, म्हणजे मुख्य प्रवाहाने बाजूला सारलेल्यांचं संगीत मध्यभागी आणलं गेलं.

कोबेतल्या त्या दिवसांतून ‘मांगेत्सु नो यूबे’, म्हणजे ‘पौर्णिमेची संध्याकाळ’, हे गाणं जन्मलं. नाकागावा आणि ‘हीटवेव्ह’ बँडचे यामागुची हिरोशी यांनी ते मिळून केलं. पण चाल एक असली तरी दोघांचे शब्द वेगळे आहेत. नाकागावांचे शब्द छावणीत उभं राहून पाहिलेल्याचे, तर यामागुचींचे लांबून बातम्या पाहणाऱ्याचे. दोन्ही रूपं १९९५ मध्येच ध्वनिमुद्रित झाली आणि ‘गागागा एसपी’ या कोबेच्याच पंक बँडसह कित्येकांनी ते गाणं नंतर आपलंसं केलं. सोल फ्लॉवर युनियनची ओळख करून घ्यायची तर आधी हीच दोन रूपं पाठोपाठ ऐकावीत.