आरंभाची शक्ती

कोणतेही इंजिन एकदा फिरू लागले म्हणजे ते स्वतःच्या बळावर फिरत राहते. परंतु पहिला फेरा मात्र त्याला दुसऱ्या कोणीतरी द्यावा लागतो. वाफेच्या इंजिनाची गोष्ट निराळी होती. त्याच्या बाष्पकात दाब साठलेला असे आणि झडप उघडताच दट्ट्या हलू लागे. तेलावर चालणाऱ्या इंजिनापाशी अशी शिल्लक नसते. हवा आत ओढणे, ती दाबणे, तेल जाळणे ही सारी कामे त्याला फिरता फिरताच करावी लागतात. म्हणून त्याचा आरंभ नेहमी उसन्या शक्तीवर होतो. ही उसनी शक्ती कोठून आणावी, या प्रश्नाला एक इतिहास आहे. माती उचलून भरणारी, लोखंडी पट्ट्यांवर चालणारी जुनी डीझेल लोडर यंत्रे बाळगणारे लोक आजही त्यांवरील मूळची आरंभव्यवस्था काढून तेथे विजेची व्यवस्था बसवितात. त्या खटाटोपाचे मर्म या इतिहासावाचून उमगत नाही.

रूडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात ठिणगी नाही. सिलिंडरमधील हवा मूळच्या आकारमानाच्या पंधराव्या हिश्शाइतकी, किंवा त्याहूनही कमी होईपर्यंत दाबली की ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि तीत तेलाचा फवारा सोडताच ते आपोआप पेटते. या इंजिनाची सारी काटकसर या दाबात आहे आणि सारा हट्टही त्यातच आहे. एवढा दाब उत्पन्न करावयाचा तर इंजिन जोराने फिरवावे लागते. ते हळू फिरले, तर हवेतील उष्णता थंड लोखंडात जिरून जाते आणि तेल पेटत नाही.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली, आणि पुढे विहिरी-विहिरींवर डीझेल इंजिने दिसू लागली. झडप उघडी ठेवणारा खटका वर करावयाचा, हँडल मारून जड चाकाला गती आणावयाची, आणि गती भरात येताच खटका पाडावयाचा, ही रीत ठाऊक नाही असे गाव विरळाच. परंतु ही झाली पाचदहा अश्वशक्तीची गोष्ट. साठ-सत्तर अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे धूड फिरविणे हे मनुष्याच्या मनगटाचे काम नव्हे.

यावर निरनिराळ्या देशांनी निरनिराळे तोडगे काढले. मोठ्या स्थिर इंजिनांना व जहाजांच्या इंजिनांना दाबून साठविलेल्या हवेने गती देण्याची पद्धत पडली. जर्मनीतील लान्स कंपनीच्या १९२१ पासूनच्या बुलडॉग ट्रॅक्टरात, जे खऱ्या अर्थाने डीझेल नव्हते, इंजिनाचे डोके दिवटीच्या ज्योतीने आधी तापवीत. इंग्लंडातील फील्ड मार्शल ट्रॅक्टरच्या सिलिंडरात धुमसत्या कागदाची सुरळी खोचून हँडल मारीत, किंवा बंदुकीच्या काडतुसासारखे काडतूस उडवून त्याला पहिला धक्का देत. अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने एकच इंजिन प्रथम पेट्रोलवर सुरू करून नंतर डीझेलवर नेण्याची युक्ती योजिली.

पट्ट्यांच्या यंत्रांच्या इतिहासात मात्र वेगळाच मार्ग प्रसिद्धीस आला. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे बेंजामिन होल्टने १९०४ मध्ये आपल्या यंत्राला चाकांऐवजी पट्टे लावून पाहिले. त्याची कंपनी आणि बेस्ट यांची कंपनी १९२५ मध्ये एकत्र येऊन कॅटरपिलर ही कंपनी निर्माण झाली, आणि १९३१ मध्ये तिने आपला पहिला डीझेल ट्रॅक्टर बाजारात आणला. त्यावर मोठ्या इंजिनाच्या अंगाला एक लहानसे दोन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन जोडलेले होते. इंग्रजीत त्याला जे नाव पडले त्याचा अर्थ तट्टू. हत्तीला उठविण्यासाठी तट्टू ठेवावे, तशीच ही योजना.

या तट्टाचे काम वरकरणी दिसते त्याहून मोठे होते. ते हाताने सुरू करीत. पुढे काही यंत्रांत त्यालाही छोटी विद्युत मोटर मिळाली. मग मोठ्या इंजिनाचा दाब सैल सोडून तट्टू त्याला सावकाश फिरवीत राही. त्या अवधीत तेलाचा पंप चालून प्रत्येक धारव्यापर्यंत वंगण पोहोचे. तट्टाला थंड ठेवणारे पाणी मोठ्या इंजिनातही खेळत असल्याने ते कोमट होई. तट्टाचा तप्त धूर मोठ्या इंजिनाच्या हवेच्या नळीला शेक देत बाहेर पडे. अशी सिद्धता झाली, की चालक दाब बंद करी, डीझेल सोडी, आणि इंजिन पेट घेई. टाकीत पेट्रोल आहे तोवर हे फिरविणे कितीही वेळ चालू ठेवता येत असे. हिमात उघड्यावर पडलेले यंत्रसुद्धा त्यामुळे जागे होई. कॅटरपिलरने १९५१ मध्ये मिलवॉकीची ट्रॅक्सन कंपनी विकत घेऊन पुढे स्वतःचे पट्ट्यांचे लोडर काढले. ९५५ हा १९५५ चा नमुना त्यांपैकीच. त्या पिढीतील पुष्कळ यंत्रांवर हे तट्टू होते.

दुसरीकडे विजेचा मार्ग मोटारगाडीतून आला. हँडल उलटून मनगटे मोडणे ही त्या काळी नित्याची बाब होती. चार्ल्स केटरिंग हा अभियंता पूर्वी रोकड मोजणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात होता आणि तेथे त्याने ते यंत्र चालविणारी छोटी मोटर तयार केली होती. जी मोटर क्षणभरच चालावयाची, तिच्याकडून त्या क्षणापुरते तिच्या आकाराच्या मानाने फार मोठे काम घेता येते, हे त्याने तेथे ओळखले. त्याच तत्त्वावर त्याने १९११ मध्ये रचलेला आरंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसला. मोठ्या डीझेल यंत्रांपर्यंत ही सोय पोहोचण्यास अधिक समर्थ बॅटऱ्या आणि चोवीस व्होल्टची मांडणी यांची वाट पाहावी लागली.

आपल्या देशात या प्रश्नाचे मोल काय होते, हे एका उदाहरणावरून ध्यानी येईल. स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील कांस या खोल मुळांच्या तणाने ग्रासलेली जमीन मोकळी करण्याचे काम हाती घेतले. १९४९ मध्ये जागतिक बँकेने या कामाच्या यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. खोल नांगरट पावसापूर्वीच उरकावयाची. अशा ठिकाणी सकाळी पट्ट्यांचा ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर मोसमातला एक दिवस बुडाला असेच समजावयाचे. कर्जाने यंत्र येते. त्याचा पहिला फेरा मात्र माळावरच मिळवावा लागतो.

आता जुन्या लोडरवरील तट्टू काढून विजेचा आरंभक बसविणाऱ्याची बाजूही समर्थ आहे. तट्टाचे सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत. त्याच्यासाठी पेट्रोल वेगळे बाळगावे लागते. चालकाला आसनावरून उतरून अवघडून उभे राहावे लागते, आणि हँडलचा धोका आहेच. परंतु हा बदल करताना एक हिशेब चुकतो. तट्टू चार कामे करीत होते: फिरविणे, वंगण पोहोचविणे, ऊब देणे आणि वाटेल तितका वेळ टिकणे. विजेचा आरंभक त्यांतील एकच काम करतो. उरलेली तीन कोणाकडे सोपवावयाची, हे आधीच ठरले पाहिजे. ऊब देण्यासाठी ज्वलनकक्षात तापणाऱ्या तारेचे प्लग लागतात. वंगणासाठी इंजिन पेटल्यावर लगेच भार न टाकता ते काही मिनिटे मंद गतीने चालवावे लागते. टिकाऊपणासाठी दणकट बॅटऱ्या, शेकडो अँपिअर वाहून नेणाऱ्या जाड तारा आणि बॅटऱ्या भरणारे जनित्र लागते. शिवाय गतिचक्राच्या दात्यांशी आरंभकाचे दाते नेमके जुळावे लागतात. पुन्हा कडाक्याच्या थंडीत बॅटरीचे बळ निम्म्यापर्यंत उतरते, आणि नेमके त्याच वेळी इंजिन सर्वांत जड झालेले असते. म्हणूनच जो बदल कोकणात निर्धोक, तोच लडाखात घातक ठरू शकेल.

प्रशासनातही असेच घडते. एखादी जुनी जागा निरुपयोगी म्हणून रद्द होते, आणि काही महिन्यांनी कळते की त्या जागेवरचा मनुष्य कागदावर नसलेली तीन कामे मुकाट्याने उरकीत होता. जुने टिकवावे की काढावे, हा वाद पुष्कळदा व्यर्थ असतो. जुने काय काय करीत होते याची पुरती यादी हाती घेऊन जो ते काढतो, त्याचेच नवे टिकते. आरंभाची शक्ती उसनीच आणावयाची आहे. ती कोणाकडून आणावयाची हे ठरविताना एवढी दक्षता पुरे.