खांदेरी: छोटं बेट, मोठी डोकेदुखी

कळव्याहून ठाण्याकडे लोकल निघाली की खाडी लागते. आपण मोबाईलमध्ये असतो, तिच्याकडे बघतो कोण? पण हीच खाडी पुढे मुंबई बंदरात उघडते. आणि त्या बंदराच्या तोंडाशी, मुंबईपासून साधारण २० किलोमीटरवर, अलिबागजवळच्या थळसमोर एक छोटं बेट आहे, खांदेरी. आजचा एपिसोड त्याच्यावर.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिला प्रश्न हाच पडला की एवढ्याशा खडकासाठी एवढी भांडणं का? उत्तर सोपं आहे, लोकेशन. दक्षिणेकडून मुंबईत येणारं जहाज इथून दिसायचंच. बेट ज्याच्या हातात, त्याची नजर मुंबईवर.

शिवाजी महाराजांनी हे बरोबर ओळखलं होतं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर त्यांच्या आरमाराची सुरुवात झाली तीही आपल्याच भागातल्या खाडीत. १६७९ च्या पावसाळ्याअखेर मायनाक भंडारींनी खांदेरीवर तटाचं काम सुरू केलं आणि मुंबईतले इंग्रज हादरले. त्यांनी 'रिव्हेंज', 'हंटर' अशी जहाजं पाठवून बेटाला वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी, तोफा भारी. पण वारा पडला की शिडाचं जहाज जागेवरच! मराठ्यांच्या होड्या लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्रीच्या अंधारात वेढ्यातून निसटून त्या बेटावर सामान पोचवत राहिल्या. ऑक्टोबरमध्ये दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांचं 'डव्ह' हे जहाज पकडलं. सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला, त्याने शेजारचं उंदेरी बेट बळकावलं. पण खांदेरी काही हटलं नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तह केला, बेट महाराजांकडेच राहिलं. पुढे १७१८ मध्ये, कान्होजी आंग्र्यांच्या काळात, इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला. तोही फसला.

मराठेशाही संपल्यावर बेट अखेर इंग्रजांकडे गेलं. १८६७ मध्ये त्यांनी तिथे दीपगृह बांधलं. म्हणजे बघा, ज्या बेटावरून मुंबईच्या जहाजांना अडवायचं, तेच आता त्यांना वाट दाखवायला लागलं!

आज बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे. कोळी बांधव तिथल्या वेताळाला अजूनही मानतात. आणि २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या १२ मराठा किल्ल्यांत खांदेरीही आहे. रायगड, प्रतापगडाची नावं आपल्याला पाठ असतात, हे नाव मात्र बहुतेकांना आठवत नाही.

तेव्हा उद्या लोकल खाडीवर आली की दोन मिनिटं मान वर करा. आपल्या आरमाराची गोष्ट याच पाण्यावर सुरू झाली. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!